ङ चा खण

अर्जाच्या शिरोभागी विषय लिहावा, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे, आणि स्वतःच्या आठवणी लिहिताना तो मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. तेव्हा विषय असा, की कागद ठेवण्यासाठी मी एक कपाट कसे निवडले आणि त्या कपाटापाशी किन्हीराजाच्या एका बाईंची घरजागा कशी अडून राहिली होती. या हकीकतीत दोन माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. एक रिसोडचे सुतार, दुसऱ्या त्या बाई. दोघांनाही मी ऐन वेळी गप्प बसवले होते. पोच वेळेवर घ्यावी आणि वेळेवर द्यावी, असे मी लोकांना नेहमी सांगतो. माझ्याकडून या पोचेला उशीर झाला आहे, तो मान्य करून पुढे लिहितो.

वाशिमला कचेरीसमोर पत्र्याच्या छपराखाली मी अर्ज लिहिण्यास बसतो, त्याला आता वीस वर्षे उलटली. सातवीच्या परीक्षेस मी बसलो होतो, एवढे सांगितले म्हणजे माझ्या शिक्षणाविषयी पुरे. पुढचे ज्ञान मी कचेरीच्या कागदांतून मिळवले. माझ्या हातचा अर्ज वरिष्ठांनी परत केला, असे क्वचितच घडले असेल. लोक मला मुन्शीजी म्हणतात, आणि तसे म्हणण्यास मी कधी हरकत घेतली नाही.

माझी पद्धत अशी, की प्रत्येक अर्जाखाली कार्बन घालून नक्कल काढायची. मूळ अर्ज कचेरीत द्यायचा आणि नकलेवर कचेरीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यायचा. या शिक्क्याच्या नकलेला पोच म्हणतात. पुष्कळ लोक ती पोच मलाच सांभाळायला देऊन जात. त्यांच्या घरी ठेवायला जागा नसे, आणि माझ्यावर त्यांचा भरवसा असे.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. किन्हीराजाच्या त्या बाई सडकेच्या कामावर खडी फोडत होत्या. यजमान वारलेले. त्या दिराच्या घरी पडवीत राहत. भूमिहीन मजुरांना गावठाणात घर बांधायला जागा मिळणार, असे त्यांच्या कानावर आले होते, आणि ज्याचा अर्ज आधी त्याचा विचार आधी, असा नियम होता. मी अर्ज लिहिला आणि माझ्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवू लागलो. "अर्जदार, गं. भा." एवढे म्हणालो आणि त्यांनी मला थांबवले.

"ते गं भा काय हाय, भाऊ?"

"गंगा भागीरथी. पती निवर्तलेल्या स्त्रीच्या नावामागे लावण्याचा तो मान आहे."

"मान राहू द्या. आमी दीक्षा घेतली. आमच्यात गंगा नाई अन् भागीरथी नाई. माहं नुसतं नाव लिवा."

"नुसत्या नावाने अर्जाला वजन राहत नाही, बाई."

"वजन मी उचलूनच राह्यली ना सडकेवर. कागदाले कायले पायजे?"

बाजूला बसलेली दोन माणसे हसली. मला राग आला, हे नाकारीत नाही. माझ्या मसुद्यातले अक्षर पक्षकाराने काढायला लावणे, हे माझ्या बैठकीवर प्रथमच घडत होते. तरी अर्ज अर्जदाराचा असतो. मी त्या दोन अक्षरांवर एक सरळ रेघ ओढली. खाडाखोडीजवळ सही लागते, म्हणून ती करण्यास सांगितले. बाई सही शिकलेल्या होत्या. त्यांनी सावकाश सही केली, आणि ती माझ्या अपेक्षेपेक्षा नीट होती.

दुपारी शिक्का मारून आणलेली पोच त्यांनी माझ्यापुढे धरली. "हे तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्या पडवीत पानी गयते, अन् जे गयत नाई ते उंदरं खातेत."

"माझ्याकडे अगदी सुरक्षित राहील."

"ते राहीनच. पन सापडन ना?"

हा प्रश्न मला लागला. माझ्याजवळ तेव्हा एक लोखंडी पेटी होती. तिच्यात वर्षवार कापडी बस्ते बांधून ठेवलेले. पाणी, वाळवी, उंदीर, कशाचीच भीती नाही. परंतु खालच्या बस्त्यातला कागद हवा असला, की वरचे सगळे बस्ते उपसावे लागत. एकदा एका बागवानाच्या कुळकागदासाठी मी सकाळी पेटीत हात घातला तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर बाहेर काढला. बिचारा टोपल्यात वांगी घेऊन बाजाराला आला होता, ती तिथेच सुकली. कागद सुरक्षित असणे आणि कागद सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला बाईंच्या त्या साध्या प्रश्नाने कळले. पोच मी तात्पुरती पेटीत वरच्या बाजूला ठेवली आणि दुसऱ्याच दिवसापासून कपाटाच्या शोधाला लागलो. मागताच कागद हाती यावा, ही माझी एकच अट होती.

प्रथम अकोल्याला गेलो. आमचा जिल्हा तोच. तेथे लोखंडी कपाटांच्या दुकानात चार मोठे खण बाहेर ओढता येणारे एक कपाट दाखवण्यात आले. खण चाकांवर फिरत आणि गुळगुळीत सरकत. दुकानदार म्हणाले, "हाताचा इशारा करा, खण बाहेर." मी त्यांना म्हणालो, इशाऱ्याने खण येतो हे दिसले, कागद येतो का ते पाहू. थैलीत मी जुन्या अर्जांचा एक जाड गठ्ठा नेला होता. तो खणांत लावला, आणि दुकानदारांना त्यातला एक विशिष्ट अर्ज काढण्याची विनंती केली. ते गठ्ठा चाळत बसले. मी घड्याळ काढून धरले.

"मुन्शीजी," ते शेवटी कागदांतून मान वर काढून म्हणाले, "कपाट घ्यायले आले का पोरगी पाह्यले? एवढी परीक्षा तं आमच्या जावयाची नाई घेतली आमी."

"जावई एकदाच घरात येतो," मी म्हणालो. "कागद रोज मागितला जातो."

माझा निष्कर्ष असा झाला, की ते कपाट म्हणजे उभी केलेली पेटी होती. खण कितीही वेगाने उघडो, आत कागदावर कागद पडला की पुन्हा उपसणे आलेच. किराणा दुकानात पावत्या तारेला टोचून ठेवतात, तोही विचार मी केला. त्यात काढणे सोपे, परंतु पोचेच्या पोटातून तार घालणे माझ्या मनाला पटले नाही.

उत्तर मला मिळाले ते जऊळक्याच्या स्टेशनावर. एका पंचनाम्याच्या कामाने तिकडे गेलो होतो, आणि परतीसाठी खिडकीपाशी उभा राहिलो. आतल्या बाबूंच्या मागे लाकडाची एक मांडणी होती. तिच्यात लहान लहान उभे खाने, आणि प्रत्येक खान्यात पुठ्ठ्याची तिकिटे. पुढचा माणूस "अकोला" म्हणाला. बाबू त्याच्याकडे पाहत होते, त्यांचा हात मागे गेला आणि तिकीट घेऊन आला. मी "वाशिम" म्हणालो. पुन्हा तसेच. मान वळवली नाही, बोट चाचपडले नाही. गाडीला अवकाश होता. मी बाजूला उभा राहून आणखी सहा-सात तिकिटे निघताना पाहिली. बाबूंनी विचारले, "काही राह्यलं का, भाऊ?" मी म्हणालो, "काही नाही, आपले काम पाहतो आहे." ते जरा सावरून बसले. त्यांना वाटले असावे, की मी वरून तपासणीला आलो आहे.

त्या मांडणीत खाने कोणत्या क्रमाने लावले आहेत, हे मात्र मी पाहिले नाही. पाहिले असते, तर पुढचे रामायण टळले असते.

रिसोडच्या धान्यबाजारामागे एका सुतारांचे दुकान होते. अडत्यांच्या गाद्यांसाठी ते चिठ्ठ्या ठेवायच्या मांडण्या करीत, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझे सगळे बोलणे रंधा थांबवून ऐकले. किती उंच, किती खोल, लाकूड कोणते, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "लोकं कागद मांगतेत कसे?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्यापुढी मानूस येते, तं पह्यलं तोंडातून काय काढते?"

"नाव," मी म्हणालो. "माणसाची ओळख नावाने असते."

"माह्याकडं तं कोनी नाव नाई सांगत, मुन्शीजी. येते अन् म्हनते, 'केनवडच्या मानसाची खाट झाली का?'"

"तुमचा धंदा खाटांचा आहे. माझा कागदांचा आहे. कपाट वर्णमालेप्रमाणे होईल."

मी त्यांच्या फळीवर खडूने आखून दिले. स्वर बारा, व्यंजने छत्तीस, एकूण अठ्ठेचाळीस खण. आठाच्या सहा ओळी, एकही खण वाया नाही. मला त्या आकड्याचे फार समाधान वाटले. सुतार खडूच्या अक्षरांवरून बोट फिरवत गेले आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला थांबले.

"हे ड सारखं, टिंबाचं, काय हाय?"

"ङ."

"याच्यावरून नाव सुरू होते, असा मानूस वाशिमात हाय काय?"

"नाही."

"रिसोडात बी नाई. मंग खण कोनाले?"

"वर्णमालेत आहे म्हणून आहे. वर्णमाला आपल्या सोयीने तोडायची नसते."

"बरं बाप्पा. लाकूड तुमचं अन् अक्षरं बी तुमचीच." त्यांनी रंधा उचलला. पण एवढे सांगितले पाहिजे, की मनाविरुद्धचे काम त्यांनी इतके चोख केले, की आजही त्या कपाटात सुई जाईल एवढी फट नाही. दोन महिन्यांनी कपाट एस.टी.च्या टपावरून वाशिमला आले. कंडक्टर म्हणाले, "मुन्शीजी, आता कबुतरं पायता काय?" मी कपाट उतरवून घेतले.

कपाटाला मी स्वहस्ते अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कागद लावले. पुरुषांचे कागद नावाच्या आद्याक्षराखाली गेले. स्त्रियांच्या बाबतीत मी एक विशेष नियम केला. स्त्रीचे नाव लग्नात बदलते, माहेरी एक आणि सासरी एक असते. म्हणून तिच्यापुरती उपाधी हीच अधिक टिकाऊ, असे माझे मत होते. त्यामुळे सौभाग्यवतींचे सगळे कागद 'सौ.' म्हणून स च्या खणात, आणि विधवांचे सगळे कागद 'गं. भा.' म्हणून ग च्या खणात. त्या वेळी मला हा नियम फार बुद्धीचा वाटला होता.

एका बाजाराच्या दिवशी किन्हीराजाच्या बाई डोकावल्या. "माहा कागद हाय ना, भाऊ?"

मी अभिमानाने त्यांना कपाटासमोर उभे केले. अठ्ठेचाळीस खण, वर्णमालेचा क्रम, सर्व समजावून सांगितले. त्यांची पोच पेटीतून काढून हातात घेतली, आणि ग कडे जाणारा माझा हात थांबला. 'गं. भा.' वर तर रेघ होती. श्रीमती म्हणावे, तर तेही लिहिलेले नव्हते. नियमाबाहेरचा कागद होता तो. बाई पाहत होत्या, म्हणून मला तातडीने निर्णय घ्यावा लागला. तिसऱ्या ओळीतला पहिला खण, ङ चा, रिकामाच होता. त्यात मी माझी सुपारीची डबी ठेवू लागलो होतो. डबीच्या मागे मी तो कागद सरकवला आणि म्हणालो, "तुमच्या कागदाला स्वतंत्र खण दिला आहे. यात दुसरे कोणी येणार नाही."

त्या बऱ्याच वेळ त्या खणाकडे पाहत राहिल्या, मग गेल्या. मी काय केले ते पुढे साफ विसरलो.

दोन वर्षांनी बुधवारी साडेअकराच्या बसने बाई आल्या. ज्या कचेरीत अर्ज दिला होता तिचे नाव मी येथे घेत नाही. तेथले जुने कागद जागाबदलात बांधलेले होते आणि मूळ अर्ज मिळत नव्हता. मात्र त्याच दिवशी दुपारी तीन वाजता जागा वाटपाची बैठक होती, आणि साहेबांनी माणुसकीने सांगितले होते, की तीनच्या आत पोच दाखवली तर तुमचा जुना क्रमांक कायम धरू.

"द्या भाऊ, माहा कागद."

मी ग चा खण उघडला. हा खण एव्हाना फुगून गच्च झाला होता. तालुक्यातल्या सगळ्या विधवा माझ्या नियमाने एकाच खणात कोंबल्या गेल्या होत्या. मी एकेक कागद काढून पाहिला. नव्हता. पुन्हा पाहिला.

"भाऊ, तुमी त्या दिवशी—"

"बाई, तुम्ही बसा. हे कपाट माझ्या ओळखीचे आहे."

त्यांच्या नावाच्या आद्याक्षराचा खण पाहिला. श्रीमती धरून श पाहिला. अर्जदार धरून अ पाहिला. किन्हीराजा धरून क पाहिला. घाम कपाळावरून चष्म्यावर उतरत होता.

"भाऊ, ते सुपारीची—"

"सुपारी मागून खाऊ, बाई. आधी कागद सापडू द्या."

त्या पदर सावरून पुन्हा बसल्या. समोरच्या चहावाल्याने विचारले, "मुन्शीजी, पेटी बरी व्हती का?" मी पुढचा खण उपसायला घेतला. अडीच वाजले. सगळे खण नव्हे, पण ज्यांत तो कागद असू शकतो असे माझ्या बुद्धीला वाटले ते सगळे उपसून झाले होते. छपराखाली जमिनीवर कागदच कागद. मी खुर्चीवर बसलो आणि जन्मात प्रथम पक्षकारापुढे म्हणालो, "बाई, सापडत नाही. मी आत्ता दुसरा अर्ज लिहून देतो."

"दुसऱ्यावर तारीख आजची पडन," बाई म्हणाल्या. "दोन वर्सांत किती अर्ज आले असतीन. माहा नंबर पार शेवटी जाईन."

हे खरे होते.

"आता बोलू काय मी?"

"बोला."

बाई उठल्या. कपाटापुढे उभ्या राहून त्यांनी वरून बोटाने ओळी मोजल्या, एक, दोन, तीन. डाव्या हाताच्या पहिल्या खणात हात घातला, माझी सुपारीची डबी काढून माझ्याच टेबलावर ठेवली, आणि तिच्यामागून कागद काढला. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. 'गं. भा.' वरची रेघ आणि शेजारी त्यांची सही.

"मी तवापासून तेच सांगून राह्यली. तुमी बोलूच देऊन नाई राह्यले."

"हे तुमच्या ध्यानात इतके पक्के कसे राहिले?"

"राह्यन नाई तं काय? तुमी म्हनले, यात दुसरं कोनी येनार नाई. माह्या नावाची तेवढीच जागा व्हती, भाऊ."

त्यांनी हे सहज सांगितले आणि कागद छातीशी धरून रस्ता ओलांडला. तीनला दहा मिनिटे कमी होती. मी जमिनीवरचे कागद उचलायला वाकलो, आणि बराच वेळ वाकलेलाच होतो.

क्रमांक कायम राहिला. जागा मंजूर झाली.

पुढच्या रविवारी मी रिसोडला गेलो. सुतार ओट्यावर चहा पीत होते. मी त्यांना काही न लपवता सांगितले. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, लोक मागतात कसे, आणि या वेळी मी उत्तर देण्यापूर्वी विचार केला. माझ्यापुढे माणूस येतो आणि म्हणतो, "मी जऊळक्याचा, मांगं आलो व्हतो." नाव तो मागाहून सांगतो, आणि तेही कधी घरचे, कधी कागदावरचे.

"गावानं," मी म्हणालो.

"मंग?" सुतार म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

परत येताना मी मुद्दाम जऊळक्याकडून आलो आणि तिकिटांच्या खिडकीत डोकावलो. खाने स्टेशनांच्या क्रमाने होते, गाडी जशी जाते तसे. बाबू म्हणाले, "पुन्हा तपासनी?" मी म्हणालो, "आपल्यापासून शिकायला आलो." ते लाजले.

आता माझे कपाट एस.टी.च्या क्रमाने आहे. एका ओळीत मालेगाव, जऊळका, किन्हीराजा आणि त्यापुढची गावे, दुसऱ्या ओळीत रिसोड रस्त्यावरची, असे थांब्याप्रमाणे. स्त्री असो, पुरुष असो, प्रत्येकाचा कागद त्याच्या गावात, त्याच्या नुसत्या नावाने. माणूस गावाचे नाव घेतो, हात मागे जातो. क्वचित मान वळवावी लागते, पण तेवढी चालायचीच. वर्णमालेच्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या मी खरवडून काढल्या. ङ ची ठेवली.

तो खणही मी रिकामा केला नव्हता. बैठकीनंतर बाईंनी पोच परत आणून दिली होती आणि मी ती पुन्हा डबीमागे ठेवली होती. वर्षभराने, पावसाळा उतरल्यावर, त्या आल्या. भिंती उभ्या झाल्या होत्या, वर कौले पडली होती. त्यांनी मला जागेची लांबी-रुंदी पावलांत सांगितली, आणि दार कोणीकडे आहे तेही सांगितले.

मग म्हणाल्या, "माहा कागद द्या, भाऊ. आता मी ठेवीन."

"इथे सुरक्षित आहे, बाई."

"तितं बी हाय. भितीत एक देवळी केली मी. एकाच कागदाची."

मी डबी बाजूला केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. माझ्या पद्धतीप्रमाणे, दिल्याची पोच म्हणून एका चिठ्ठीवर लिहिले, कागद मिळाला, आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती आधी वाचली. त्या तेवढे वाचायलाही शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळले. मग सही केली. सहीच्या आधी काय लिहायचे, हे मी विचारले नाही.

ती चिठ्ठी मी ङ च्या खणात ठेवली आहे.